वहीतल्या सोजरबाई

लबाड माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो, असं जे म्हणतात त्यांनी आमचा गणराजदादा बघितलेला नाही. कपाळाला अष्टगंध, बोलणं गुळासारखं, आणि दुकानात येणारी प्रत्येक बाई त्याची ‘ताई’. मीही त्यातलीच एक. फरक इतकाच, की मला त्याने ताई म्हटलं आणि मी ते खरं धरून बसले.

माझं नाव विजयश्री. माहेर औशाचं, लातूरकडचं. लग्न होऊन चिखलीत आले तेव्हा नवरा, सुजित, चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, अजूनही जातो. मी आयटीआय केलेली, इलेक्ट्रॉनिक्सची, पण इथे त्याचं कुणाला काय? सात वर्षांपूर्वी आमचा जुना लॅपटॉप बंद पडला म्हणून ‘गणराज कॉम्प्युटर्स’ची पायरी चढले. दादाने नुसता वरून बघितला आणि मदरबोर्ड गेलाय म्हणाला. मी म्हटलं, स्क्रूड्रायव्हर द्या. त्याच्याच काउंटरवर उघडला, रॅम काढली, खोडरबराने तिचे दात पुसले, परत बसवली आणि चालू करून दाखवला. त्याचा अपमान झाला असेल असं मला वाटलं होतं. पण तो हसला आणि म्हणाला, “ताई, उद्यापास्नं तुमीच या.”

मला सख्खा भाऊ नाही. पहिल्याच वर्षी मी त्याला भाऊबीजेला ओवाळलं आणि ‘तुमी’चं ‘तू’ झालं.

दुकान पुढे आणि मागे असं दोन भागांत होतं. मध्ये प्लायवूडची भिंत. पुढे काउंटरवर दादा, मागे टेबलाशी मी. गिऱ्हाईक पुढे लॅपटॉप ठेवायचं, दादा ‘बघतो’ म्हणायचा, मागे आणून द्यायचा, आणि दुरुस्त झाला की पुढे जाऊन ‘झाला’ म्हणायचा. लोकांना वाटायचं सगळं तोच करतो. सुजित एकदा म्हणालाही, “अगं, सात वर्षांत तुझं तोंड तरी बघितलंय का कुणा गिऱ्हाइकानं?” मी त्यालाच चार शब्द सुनावले. दादा म्हणायचा ना, “दुकान माझं, डोस्कं तुझं, नाव दोघांचं.” बोर्डावर मात्र एकट्या गणराजचं नाव होतं. ते मला दिसत नव्हतं अशातला भाग नाही.

माझं खरं डोकं चालायचं ते वायफायच्या कार्डात. लॅपटॉपच्या पोटात हे कार्ड असतं, काडेपेटीच्या निम्म्याएवढं. त्या कार्डाला आणि लॅपटॉपच्या सिस्टिमला एकमेकांशी बोलायला एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी कार्डाच्या कंपन्या तो स्वतःहून देतात. लिनक्स म्हणून जी फुकटची सिस्टिम आहे, तिच्यासाठी काही कंपन्या देतात आणि काही ढुंकूनही बघत नाहीत. मग तेच कार्ड विंडोजवर पळतं आणि लिनक्सवर मुकं होऊन पडतं. कुठलं कार्ड कुठे चालेल हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. लावून, काढून, पुन्हा लावूनच कळतं. मी सात वर्षं तेच केलं आणि जे कळलं ते दोनशे पानी वहीत लिहून ठेवलं.

शिकल्यासवरल्या माणसाने ही वही मॉडेल नंबराप्रमाणे ठेवली असती. मी ठेवली माणसांप्रमाणे. आमच्याकडे गिऱ्हाईक नंबर कुठे सांगतं? ‘कुदळवाडीच्या धर्माजींचा’, ‘मोशीच्या सोजरबाईंच्या नातीचा’, असंच सांगतं. त्यामुळे पुढे कार्डाचा नंबर असला तरी सुरुवात नावानेच. ‘धर्माजी: दोन्ही सिस्टिमवर चालतं.’ ‘सोजरबाई: लिनक्सवर ओट्यावर चालतं, आत नाही.’ सोजरबाईंच्या घरी मी स्वतः जाऊन बघितलं होतं; घर पत्र्याचं, त्यात ते कार्ड मुळातच अशक्त. आत गेलं की नेट गायब. नातीने ओट्यावर बसून दहावीचा अभ्यास केला. आणि सात-आठ ठिकाणी नुसतंच, ‘हे मशीन भागूबाईंसारखं. तेच करणे.’

भागूबाई म्हणजे दादाची आई. आळंदीचं कीर्तन ऐकायला त्यांना घरात एक लॅपटॉप लागायचा, आणि दुकानाला लागल्यावर मी केलेलं सगळ्यात पहिलं काम ते. मी मशीन उघडलं तेव्हा त्या शेजारी पाट टाकून बसल्या आणि हे काय, ते काय, असं विचारत राहिल्या. वही घातली त्याच्या आधीचं ते काम, म्हणून वहीत ते कुठेच नाही. डोक्यात पक्कं असलेलं कोण लिहितं?

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी कुसुमताई दुकानात आल्या. त्या एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेल्या, आता चाकणला एक संस्था चालवतात. प्लायवूडच्या मागे बसून मी सगळं ऐकत होते. विंडोज दहाचे अपडेट बंद झाले होते, नवं विंडोज जुन्या मशीनवर चढत नाही, म्हणून चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्या चांगले लॅपटॉप भंगारात काढत होत्या. कुसुमताईंना ते घेऊन, त्यांवर लिनक्स घालून आजूबाजूच्या गावांतल्या शाळांना द्यायचे होते. पण निम्म्या मशीनना वायफाय पकडत नव्हतं.

“हे कार्डाचं प्रकरण कळणारा माणूस मला हवाय,” त्या म्हणाल्या. “कायमचं केंद्र काढतोय आम्ही. केंद्रप्रमुख नेमायचाय. शिकवायचंही आहे, मुलींना खास करून.”

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला आणि मी तो शोधलासुद्धा नाही.

त्या गेल्यावर दादा आत आला. “ताई, ऐकलंस? ही जागा तुझीच हाय. तुझ्याबिगर कुणाला जमनार हाय का? अर्ज लिव्ह, मी नेऊन देतो.” मी त्या संध्याकाळी स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला. तीनदा लिहिला. मला ती जागा हवी होती, इतकी हवी होती की लाज वाटत होती. दारावर आपलं नाव असलेली खोली. समोर पोरी बसलेल्या आणि माझ्या हातात उघडलेलं मशीन, भिंतीआड नाही, सगळ्यांच्या देखत.

भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. त्याने ताटात साडी ठेवली, मोरपंखी. मग म्हणाला, “तेवढी वही दे ग दोन दिस. फोटो काढून अर्जाला जोडतो. त्यांना कळाया पायजे आपली ताई काय चीज हाय ते.” भाऊबीजेला भाऊ बहिणीला देतो. मी त्या दिवशी निरांजन खाली ठेवून वही आणली आणि दोन्ही हातांनी भावाला दिली. त्यावर हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं.

वही दोन दिवसांनी परत आली. कुसुमताईंचा काही निरोप मात्र येईना. मी विचारलं की दादा म्हणायचा, “पुढं ढकललंय ग त्यांनी. नवीन वर्षात बघू म्हनत्यात.” मी मोरपंखी साडीचा ब्लाऊज शिवून घेतला होता. मुलाखतीला तीच नेसायची होती.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी दादा सातबाऱ्याच्या कामाला तहसीलमध्ये जातो म्हणून गेला. साडेअकराच्या सुमारास त्याचा फोन आला. आवाज दबका.

“ताई, हितं एक वळखीचा गळ्यात पडलाय. लिनक्सवर कार्ड दिसतंय, पन चालूच होत न्हाई. वहीत चालतंय म्हनून लिवलंय.”

“लाल दिवा लागतोय का बाजूला?”

“व्हय.”

“मग कार्डात दोष नाही. मशीन त्याला बंद राहा म्हणून सांगतंय. कार्ड काढ, एका कडेने पिना मोज. विसावी पिन. तिच्यावर सेलोटेपचा तांदळाएवढा तुकडा लाव आणि परत बसव. शेजारच्या पिनेवर जाऊ देऊ नको.”

मी फोन चालूच ठेवला. चुकू नये म्हणून त्याला पिना मोजायला लावल्या, एक ते वीस, शाळेतल्या पोरासारख्या. मागून कुणीतरी, “सर, तुमचा चहा,” असं म्हणालं. तहसीलमध्ये चहा विचारतात हे नवीनच, एवढं मनात आलं आणि गेलं. दोन मिनिटांनी तो म्हणाला, “झालं!” आणि फोन कट झाला. मला बरं वाटलं. अडल्या माणसाचं काम झालं, एवढंच वाटलं.

दहा दिवसांनी कुसुमताई पुन्हा आल्या. दादा समोरच होता. त्यांनी काउंटरवर कागदांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाल्या, “गणराज सर, तुमच्या पुस्तिकेचं प्रूफ आलंय. छापायला टाकण्याआधी एक-दोन शंका होत्या.”

सर. पुस्तिका. मी उठले आणि प्लायवूडच्या कडेला उभी राहिले.

“हे पान बघा. ‘सोजरबाई: लिनक्सवर ओट्यावर चालतं, आत नाही.’ हे सोजरबाई काय आहे?”

मला वाटलं, आता हा मागे बघेल. ‘आमच्या ताईला माहीत आहे’ एवढं म्हणेल. चार शब्द होते. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, की हे बाबा, याला एवढं बोलू दे, मी बाकीचं सगळं गिळून टाकते.

दादाने चष्मा पुसला. कुसुमताईंपुढे त्याची भाषाही वेगळी होती, पुस्तकातली. “मॅडम, सोजरबाई ही लिनक्सची एक जुनी आवृत्ती आहे. त्यांची नावं अशीच चमत्कारिक असतात. आणि ओटा म्हणजे... तो एक मोड आहे.”

हसू यायला हवं होतं. आलं नाही.

“सोजरबाई मोशीला राहतात,” मी म्हटलं. “आवृत्ती नाही, बाई आहे. सत्तर वर्षांची. तुम्हाला बघायची असेल तर आत्ता चला, दोन मिनिटांत चहा ठेवील.”

कुसुमताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्या दुकानात आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. मी आत गेले, वही आणली आणि ते पान उघडून त्यांच्या समोर ठेवलं. माझं अक्षर, माझ्या शाईचे डाग, कोपऱ्यात सोजरबाईंच्या नातीचा फोन नंबर.

“आमच्याकडे मदतीला असतात ह्या,” दादा घाईघाईने म्हणाला. “लिहून वगैरे घ्यायला.”

“लिहून घ्यायला?” माझ्या तोंडून माहेरची बोली बाहेर पडली, रागात नेहमी पडते. “काय बोलायलास दादा तू? विसावी पिन कुणी सांगितली? मागच्या आठवड्यात मंगळवारी तहसीलमधनं फोन कुणी केलता?”

कुसुमताईंनी हळूच खुर्ची ओढली आणि बसल्या. “त्या मंगळवारी तर मुलाखत होती,” त्या म्हणाल्या. “आमच्या समितीसमोर. यांचं मशीन अडलं होतं. हे बाहेर जाऊन पाच मिनिटांत दुरुस्त करून आले. त्यावरच तर आम्ही यांना...”

म्हणजे मीच. माझ्या हाताने, एक-दोन-तीन करत, मी माझी जागा त्याच्या पदरात घातली होती. चोराने घर फोडावं आणि घरवालीने त्याला कंदील धरावा, तसं झालं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथे बीळ खणून, सारवून, वर दूध ठेवणारी मीच होते.

“माझा अर्ज?” मी विचारलं.

“तुमच्या नावाचा अर्ज आमच्याकडे आलाच नाही,” कुसुमताई म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना खरोखर अवघड झालं होतं. “आला असता तर... पण नेमणुकीचं पत्र आता निघालंय. पाहुणे ठरलेत. सव्वीस जानेवारीला उद्घाटन आहे. पुढच्या वर्षी नक्की...”

“मॅडम, मी घेतो ना ताईंना माझ्या हाताखाली,” दादा म्हणाला. त्याच गुळासारख्या आवाजात.

मी त्याच्याकडे नीट बघितलं. सात वर्षं ज्याच्या कपाळाला दरसाल टिळा लावला तो हा. मला वाटलं होतं तो ओशाळेल, निदान डोळे तरी खाली घालेल. त्याला खरंच वाटत होतं की तो माझ्यावर उपकार करतोय. केसाने गळा कापतात तो असा.

मी काउंटरवरची वही उचलली आणि पिशवी भरायला लागले. स्क्रूड्रायव्हरचा संच त्याने दुसऱ्या भाऊबीजेला दिला होता. तो टेबलावर ठेवला. कुसुमताई निघून गेल्यावर तो आत आला.

“ताई, वही ठेव की. मला लागंल.”

“फोटो आहेत ना तुझ्याकडे.”

“असं तोडू नगं. रक्ताचं न्हाई म्हनून काय झालं, आपुन बहीन-भाऊ हाये.”

“होतो,” मी म्हटलं आणि पायरी उतरले.

घरी गेल्यावर दोन दिवस दाराबाहेर पडले नाही. सुजितने ‘मी सांगत होतो’ असं एकदाही म्हटलं नाही, त्याचं भलं होवो. तिसऱ्या दिवशी सोजरबाईच आल्या. नातीचा लॅपटॉप घेऊन दुकानात गेल्या होत्या, तिथे मी नाही कळल्यावर पत्ता काढत आल्या. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, “मेल्यानं मला काय केलं म्हनालीस?”

“लिनक्सची जुनी आवृत्ती.”

“जुनी तर हायेच की ग,” त्या म्हणाल्या. आणि मग, “माझा ओटा मोकळाच असतोय दिसभर. टेबल आन तुझं.”

तेव्हापासून मी मोशीला सोजरबाईंच्या ओट्यावर बसते. रस्त्यावरून जाणारे-येणारे सगळे बघतात. काम जेमतेम येतं. ज्याला त्याला वाटतं, गणराजच्या दुकानात लिहून घेणारी बाई होती, तिने आता स्वतःचं थाटलंय. चिखलीत त्याने तसंच पसरवलंय. लोकांना खरं सांगत फिरायची मला लाज वाटते, आणि लाज मलाच का वाटावी याचाही राग येतो.

सव्वीस जानेवारीला सकाळी साडेनऊला मी ओट्यावरच होते. फोन वाजला. गणराजदादा. घेणार नव्हते, पण घेतला. मागे लाऊडस्पीकरवर देशभक्तीची गाणी वाजत होती आणि पोरांचा गलका.

“ताई, घात झालाय. कार्यक्रम धा वाजता हाय. तीस मशीन मांडल्यात, पोरं बसल्यात. काल वहीपरमानं सगळ्यांची जुनी कार्डं काढून चांगली घातली. आता एक बी मशीन चालू होईना. काळ्या स्क्रीनवर इंग्लिशमधी येतंय, परकं कार्ड बसवलंय, काढा म्हनून.”

मला मॉडेल विचारायचीही गरज नव्हती. काही मशीन अशी असतात की त्यांना त्यांच्या कंपनीचं कार्ड सोडून दुसरं चालतच नाही. कार्ड कितीही चांगलं असो, ती दार उघडत नाहीत.

“वहीत काय लिहिलंय?” मी विचारलं.

कागदांची फडफड ऐकू आली. “लिवलंय... ‘हे मशीन भागूबाईंसारखं. तेच करणे.’ ताई, तेच म्हंजी काय? आईच्या मशीनला तू काय केलं व्हतंस?”

सात वर्षं ते मशीन त्याच्या घरात, त्याच्या देवघराशेजारी होतं. रोज त्याच्या डोळ्यासमोर.

“ताई, पाया पडतो. कुसुम मॅडम हितंच उभ्या हायेत.”

“त्यांच्या हातात फोन दे आणि सांग की वही ताईची आहे. मग सांगते.”

तो गर्दीतून बाजूला गेला असावा, गाण्यांचा आवाज लांब गेला. मग हळूच म्हणाला, “तेवढं सोडून काय बी माग.”

“मग तुझ्या आईला विचार,” मी म्हटलं. “ती तेव्हा शेजारी बसली होती.” आणि फोन ठेवला.

ठेवला खरा, पण काम सुचेना. तीस मशीनपुढे बसलेली पोरं डोळ्यांसमोरून हलेनात. त्यातल्या कितीजणींनी पहिल्यांदाच लॅपटॉपला हात लावायला म्हणून नवे कपडे घातले असतील. मी ज्या पोरींसाठी तीनदा अर्ज लिहिला, त्याच त्या.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. नंबर भागूबाईंचा. दुकान सोडल्यापासून मी त्यांच्याकडेही गेले नव्हते. त्यांना काय माहीत आणि काय नाही, मला ठाऊक नव्हतं.

“पोरी,” त्या म्हणाल्या. “माजं डोस्कं अजून शाबूत हाय. आतलं कार्ड तू काडून टाकलंस आन भाईरनं त्ये नखायेवढं काळं बटन खुपसलंस. तवाच चाललं. तू म्हनली व्हतीस, आत परक्याला घेत न्हाई, पन भाईरनं लावल्यालं ह्याला कळत न्हाई. रोज पुसते की मी त्ये बटन.”

“बरोबर,” मी म्हटलं. आतलं कार्ड काढलं की मशीन चालू होतं, आणि यूएसबीत लावायचं ते बटण वायफाय पकडतं.

“गणराज इचारतोया. दोनदा फोन आला त्याचा. म्या अजून सांगितलं न्हाई.” मग म्हणाल्या, “मला समदं कळलंय त्यानं काय केलं त्ये. तुजं काम हाय त्ये, माजं न्हाई. म्हनून इचारते. सांगू का त्याला?”

सात वर्षांत त्या घरातल्या कुणीही माझी एक गोष्ट मला विचारून घेतली नव्हती. मी ओट्याच्या खांबाला डोकं टेकलं आणि भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत रडले.

“सांगा,” मी म्हटलं. “पोरं खोळंबली असतील.”